लकव्यानंतर तोल आणि चालणं: घरचे लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

अंगावरून वारं गेलं, लकवा मारला, पॅरालिसिस झाला, अर्धांगवायू झाला. मराठवाड्यात हे सगळं एकाच आजाराबद्दल बोललं जातं: मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते आणि शरीराची एक बाजू लुळी पडते. जीव वाचला, सलाईन निघालं, डिस्चार्ज मिळाला की घरच्यांच्या तोंडी एकच विषय उरतो, चालण्याचा. फिजिओच्या ओपीडीत जे प्रश्न रोज येतात त्यांतले बरेचसे खाली आहेत, विचारले जातात त्याच भाषेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या पेशंटचा बीपी, हृदय आणि झटक्याचा प्रकार पाहून डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते आधी.

ॲडमिट असतानाच व्यायाम सुरू करायचा, की घरी आल्यावर?

दवाखान्यातच. पण पहिल्याच दिवशी उभं करून दमवायचं नाही. यावर 2015 मध्ये ‘अव्हर्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच देशांतले 2,104 पेशंट त्यात होते. पहिल्या 24 तासांतच ज्यांना अंथरुणाबाहेर काढून जास्त वेळ हालचाल करायला लावली, त्यांचा निकाल इतरांपेक्षा थोडा वाईटच आला. म्हणून पहिला दिवस नीट झोपवणं, कूस बदलणं, लुळ्या हाताखाली उशी देणं यात जाऊ द्या. त्यानंतर डॉक्टरांनी हो म्हटलं की थोडा थोडा वेळ, पण दिवसातून बऱ्याच वेळा, बसवायला आणि मग उभं करायला सुरुवात होते. रक्तस्राव झालेला असेल तर कधी उठवायचं हे डॉक्टरच ठरवतात. तिथे शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाचा सल्ला चालत नाही.

चालतील का हो पुन्हा?

हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो आणि बहुतेक जण ‘देवाच्या हातात आहे’ म्हणून सुटका करून घेतात. खरं तर अंदाज बांधता येतो. नेदरलँड्समध्ये 2011 साली झालेल्या अभ्यासात दोन साध्या गोष्टी पाहिल्या होत्या. झटक्यानंतर दोन-तीन दिवसांत पेशंट आधाराशिवाय 30 सेकंद बसू शकतो का? आणि अंथरुणात पडल्या पडल्या लुळा पाय थोडा तरी हलवू शकतो का? दोन्हीचं उत्तर हो असेल, तर सहा महिन्यांत स्वतःच्या पायाने चालण्याची शक्यता सुमारे 98 टक्के निघाली. दोन्हीचं नाही असेल, तर ती सुमारे 27 टक्के होती. ही टक्केवारी तिकडच्या पेशंटची आहे, आपल्याकडे जशीच्या तशी लागू करू नये. पण बसण्याचा तोल आणि पायातली हालचाल या दोन गोष्टींकडे बघायचं, हे इथेही तितकंच खरं. हात किती उघडतो यावरून चालण्याचा अंदाज बांधू नका. हात मागे राहिला तरी पाय पुढे जाऊ शकतो.

पायात ताकद आलीय, तरी उभं राहिलं की झोक जातो. असं का?

कारण तोल म्हणजे ताकद नव्हे. पाय कुठे टेकलाय हे तळव्याने सांगावं लागतं, डोळ्यांनी आणि कानाच्या आतल्या भागाने शरीर सरळ आहे की कललंय ते कळवावं लागतं, आणि मेंदूने हे सगळं एकत्र करून क्षणात पाठीच्या, कमरेच्या, घोट्याच्या स्नायूंना कामाला लावावं लागतं. लकव्यात यातली कोणतीही कडी तुटू शकते. म्हणून सगळ्यांचा झोक एकसारखा जात नाही, आणि शेजारच्या काकांना सांगितलेला व्यायाम तुमच्या आईला चालेलच असं नाही.

सर्वांत जास्त दिसतो तो प्रकार असा: पेशंट सगळं वजन चांगल्या पायावर घेऊन उभा असतो, लुळा पाय नुसता जमिनीला टेकलेला. लांबून बघणाऱ्याला वाटतं, उभे राहिले. दोन साधे वजनकाटे शेजारी ठेवून एकेका पायाखाली एकेक दिला की खरं काय ते कळतं.

काही पेशंट याच्या अगदी उलट वागतात. चांगल्या हाताने आणि पायाने स्वतःलाच लुळ्या बाजूकडे ढकलतात, आणि तुम्ही सरळ करायला गेलात की आणखी जोर लावतात. घरचे वैतागतात, ‘मुद्दाम करतात’ म्हणतात. मुद्दाम नसतं ते. शरीर सरळ आहे की तिरकं, याची मेंदूतली जाणीवच बिघडलेली असते. डोळ्यांना मात्र सरळ रेघ बरोबर कळते. म्हणून अशा माणसाला दाराच्या चौकटीसमोर बसवायचं, चौकट आणि स्वतःचं अंग ताडून बघायला लावायचं, आणि चांगल्या बाजूला ठेवलेली वस्तू घ्यायला सांगायची. तुम्ही जोराने उलटं ढकलायचं नाही. बहुतेकांत हा प्रकार काही महिन्यांत ओसरतो.

तिसरा प्रकार लहान मेंदूच्या झटक्याचा. हातापायांत ताकद बऱ्यापैकी असते, पण पेशंट पाय फाकून, लटपटत चालतो आणि वळताना हेलपाटतो. याला ताकदीचे व्यायाम देऊन फारसं साधत नाही. वळणं, थांबणं, अरुंद जागेतून पाऊल टाकणं याचा सराव लागतो.

आणि मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसलेल्या काहींना डावीकडचं जगच जाणवत नाही. डावा खांदा दाराला आपटतो, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशांच्या बाजेची चांगली बाजू भिंतीकडे ठेवा आणि बोलायला डावीकडून जा.

रोज सकाळी दोघं जण काखेत धरून अंगणात फिरवतो. बरोबर करतोय ना?

मनापासून करताय, पण यातून चालणं येत नाही. दोन मुलगे बापाला उचलून नेतात, बापाचा पाय मागे फरफटत येतो, आणि चार फेऱ्या झाल्या की सगळ्यांना समाधान. यात लुळ्या पायाने वजन घेतलंच नाही. मेंदूला ज्याचा सराव मिळतो तेवढंच तो शिकतो, आणि इथे सराव झाला लटकण्याचा. शिवाय काखेतून उचलल्याने लुळा खांदा सांध्यातून खाली सरकतो तो वेगळाच.

आधी बसण्याचा तोल, मग खुर्चीवरून उठणं, मग उभं राहून वजन इकडून तिकडे नेणं, मग पाऊल. या क्रमाने गेलेल्यांचं चालणं उशिरा सुरू झाल्यासारखं वाटतं, पण टिकतं. चालवायची घाई करू नका, उठायची करा. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

मग उठ-बस नेमकी कशी करून घ्यायची?

बाजेवरून नको. बाजेची सुंभ किंवा नवार खाली झोळ धरते, माणूस त्यात रुततो आणि ओढून काढावा लागतो. हात असलेली लाकडी खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. पाय उघडे किंवा मागे पट्टा असलेली सँडल. पायमोजे घालून फरशीवर कधीच नाही.

पेशंटने खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं. दोन्ही टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. लुळा पाय तर आवर्जून मागे घ्या, नाहीतर उठताना तो पुढे निघून जातो. लुळा हात चांगल्या हाताने धरून दोन्ही हात पुढे. आता पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे. इथेच बहुतेक सगळे अडकतात. पुढे पडू या भीतीने छाती मागे धरतात आणि मग कितीही जोर लावला तरी बूड उठत नाही. समोर स्टूल ठेवून त्यावर हात टेकवायला दिलं की भीती जाते. बूड उचललं गेलं की गुडघे आणि कंबर सरळ.

तुम्ही लुळ्या बाजूला, जरासं मागे. कमरेला उपरणं किंवा जाड टॉवेल घट्ट बांधून ठेवा आणि तोच धरा. हात, काख, पायजम्याची नाडी काही धरायचं नाही. तुमच्या गळ्यात हात टाकून उठायची सवय लावू नका, दोघंही पडाल. लुळा गुडघा वाकून बसत असेल तर आपला गुडघा बाहेरून त्याला टेकवा.

बसताना धप्पकन सोडून द्यायचं नाही. हळूहळू बसणं हाही उठण्याइतकाच व्यायाम आहे.

जमायला लागलं की चांगला पाय चार बोटं पुढे ठेवून उठायला सांगा. मग लुळ्या पायाला पळवाट राहत नाही. उंच आसनावरून सुरुवात करून खुर्चीवरची गोधडीची घडी एकेक कमी करत जा.

उठ-बस जमली. पुढे घरी काय करता येईल?

बरंच. आणि सामान घरातच असतं. स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकवून उभं राहायचं, वजन डावीकडे-उजवीकडे न्यायचं. पुढे जेवायचा लाकडी पाट ठेवा आणि चांगला पाय त्यावर ठेवायचा, काढायचा. चांगला पाय का? तो उचलला की तेवढा वेळ सगळा भार लुळ्या पायावर येतो. लोक नेमकं उलटं करतात, लुळा पाय वर ठेवत बसतात. त्यालाही अर्थ आहे, पण तोल यायचा तो पहिल्याने.

भिंतीच्या कडेने आडवं चालणं. उंबरठा ओलांडणं. आणि वळणं. पडण्याचे बरेच प्रसंग सरळ चालताना नाही, वळताना येतात. मग चालता चालता बोलायला लावा, हातात अर्धा भरलेला तांब्या द्या, शेतातल्या गड्यांचा हिशेब विचारा. चालत असताना दुसऱ्या कामात डोकं गेलं की खरा तोल कळतो. ही पायरी मात्र शेवटची, आणि सोबत माणूस हवाच.

दिवसातून किती वेळ?

एकदाच तासभर घाम काढण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा दहा-पंधरा मिनिटं. लकव्यानंतरचा थकवा नेहमीच्या थकव्यासारखा नसतो, झोप काढूनही जात नाही. त्याला आळस म्हणू नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो, तेव्हा सकाळी उन्हं चढायच्या आत आणि दिवेलागणीला करा. उठ-बसेचे आकडे दाराच्या पाठीमागे खडूने लिहून ठेवणारी घरं मला आवडतात. त्या घरांत व्यायाम सहसा बुडत नाही.

मालिशवाला येतो. कुणी म्हणतं कबुतराचं रक्त लावा, अमुक गावात लकव्याचं औषध मिळतं.

मालिशीने बरं वाटतं, कातडीला तेल मिळतं, कुणीतरी हात लावतं. एवढंच. पेशंट पडून आणि दुसरा माणूस घाम गाळतोय, अशा उपचाराने मेंदू काही शिकत नाही. हलक्या हाताने करायची तर करा, पण व्यायामाची वेळ त्यात घालवू नका. पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर अजिबात चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

कबुतराच्या रक्ताचा काहीही उपयोग नाही. कबुतर जातं, पैसे जातात, आणि मुख्य म्हणजे सुरुवातीचे मोलाचे आठवडे जातात.

औषधाच्या गावांना गुण येतो असं लोक शपथेवर सांगतात, त्याचं एक कारण आहे. नुसतं तोंड वाकडं होणारा एक वेगळा आजार असतो. त्यात चेहऱ्याची नस सुजते, मेंदूला काही झालेलं नसतं, आणि तो बहुतेकांचा काही आठवड्यांत ते महिन्यांत बरा होतो. आपण त्यालाही लकवाच म्हणतो. तो माणूस औषध घेऊन आला, बरा झाला, आणि गावभर सांगत सुटला. हातपाय लुळे पडलेल्याला तिकडे नेताना बीपीच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद करायला सांगतात, हे मात्र खरंच जिवावर बेतणारं आहे.

पाय घासतो, गोल फिरवून टाकतात. बूट घ्यावा का?

घोटा वर उचलला जात नाही म्हणून अंगठा घासतो, आणि तो घासू नये म्हणून पेशंट कंबर उचलून पाय बाहेरून फिरवतो. घोट्याला धरून ठेवणारा प्लास्टिकचा बूट, ज्याला एएफओ म्हणतात, इथे चांगला उपयोगी पडतो. पायाचं माप घेऊन बनवलेला असावा. चालणं सुधारतं, दमणूक कमी होते, आणि ‘सवय लागेल’ या भीतीने तो टाळण्यात अर्थ नाही.

अडचण आपल्या घरांत येते. घरात कुणी पायात काही घालत नाही, आणि नुसता प्लास्टिकचा एएफओ शहाबादी फरशीवर, त्यात पाणी सांडलेलं असलं तर, सरळ घसरतो. घरात घालायला मागे पट्टा असलेली वेगळी सँडल ठेवा. देवघरात जाताना खुर्चीवर बसून काढा आणि बसूनच पूजा करा, देव समजून घेतो.

गुडघा उभं राहताना खटकन मागे जात असेल तर फिजिओला दाखवा. तसंच चालत राहिलं की पुढे गुडघा दुखायला लागतो. पाय टेकवताच थडथड उडतो, तो थंडीने नव्हे. स्नायूतला ताठरपणा आहे. टाच पूर्ण टेकवून गुडघ्यावरून खाली दाब दिला की थांबतो. ताठरपणा फार असेल तर गोळ्या किंवा बोटुलिनमचं इंजेक्शन असतं. पण गोळीचा डोस वाढवा म्हणून मागे लागू नका: काही पेशंट त्या ताठरपणाच्या जोरावरच उभे असतात, तो एकदम गेला की पाय गळतो.

काठी कोणत्या हातात?

चांगल्या हातात. आधी काठी, मग लुळा पाय, मग चांगला. उंची मनगटाच्या घडीइतकी. तोल फारच कच्चा असेल तर तीन किंवा चार पायांची. वॉकरला दोन्ही हातांची पकड लागते, त्यामुळे एक हात लुळा असलेल्याला तो सहसा चालत नाही.

जिने, पायऱ्या?

चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी. घरच्यांनी चढताना मागे आणि उतरताना पुढे, एक पायरी खाली उभं राहायचं. आपल्याकडचे पेशंट ‘तुळजापूरला जायचंय’ असं ठरवून येतात आणि मला ते ध्येय फार सोयीचं वाटतं, कारण मग पायऱ्यांचा सराव करायला सांगावं लागत नाही. पण तिथे आधी उतरायचं असतं. दर्शनाच्या रांगेत उभं राहून पाय दमल्यावर चढाई येते. म्हणून घरी सराव करताना आधी थोडं चालवून, दमवून मग पायऱ्या करून बघा. पहिल्या खेपेला गर्दीचा दिवस नको, पौर्णिमा किंवा नवरात्र तर नकोच.

घरात काय बदल करावेत?

संडासापासून सुरुवात करा. उकिडवं बसून उठणं या पेशंटना झेपत नाही, आणि रात्री अंधारात तिथेच पडतात. खाली भोक असलेली प्लास्टिकची किंवा लोखंडी कमोड खुर्ची भांड्यावर ठेवता येते. भिंतीला चांगल्या हाताच्या बाजूने पकडायला दांडी बसवा. न्हाणीत बसायला स्टूल, आणि शेवाळ घासून काढा. वाटेतल्या वाकळा, गोधड्या, पायपुसणी उचला. बाजेजवळ विजेरी ठेवा, लाइट कधी जाईल याचा नेम नाही. बाजेऐवजी कडक पलंग, बसल्यावर पाय टेकतील एवढ्याच उंचीचा. उंबरठा काढून टाकायची गरज नाही. त्यावर पिवळा पट्टा रंगवा, दिसला की पाय उचलला जातो.

मोठ्या शहरात मशीनवर चालवतात म्हणे. शेत विकून न्यावं का?

शेत विकू नका.

अमेरिकेत 408 पेशंटवर ‘लीप्स’ नावाचा अभ्यास झाला, 2011 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला दोरांनी वजन तोलून ट्रेडमिलवर चालवलं, दुसऱ्या गटाला फिजिओने घरी जाऊन ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले. वर्षाअखेर दोन्ही गटांत फरक नव्हता. एकूण 52 टक्के पेशंट चालण्यात वरच्या टप्प्यावर गेले. मशीन वाईट नाही, ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांना पावलांची संख्या मिळवून देतं. पण मशीन नाही म्हणून माणूस चालायचा राहिला, असं होत नाही.

छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरी, लातूरची विलासराव देशमुख संस्था, या सरकारी दवाखान्यांत आधी चौकशी करा. जिल्हा रुग्णालयातही फिजिओ असतात. गर्दी असते, वेळ कमी मिळतो. म्हणून तिथे जाताना ‘करून द्या’ म्हणू नका, ‘शिकवा’ म्हणा, आणि परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या.

मग घरच्यांनीच शिकून केलं, तर फिजिओ लागतोच का?

लागतो. नेमका हाच प्रश्न भारतातच तपासला गेलाय. ‘अटेंड’ नावाच्या अभ्यासात 14 दवाखान्यांतले 1,250 पेशंट होते, निकाल 2017 मध्ये आला. घरातल्या एका माणसाला पुनर्वसनाचं शिक्षण दिलं, तरी सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण शिक्षण दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत 47 टक्केच राहिलं. घरच्यांचे कष्ट फुकट जातात, असा याचा अर्थ मी लावत नाही. एकदा शिकवून सोडून दिलं तर पुरत नाही, असा लावते. पेशंट बदलतो तसा व्यायाम बदलावा लागतो, आणि ते बघणारी नजर बाहेरून यावी लागते. रोज फिजिओ परवडत नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा दाखवा, मधले दिवस घरी करा.

बीड, जालना, धाराशिवकडच्या कुटुंबांची अडचण वेगळी. दिवाळीच्या सुमारास घरातली कर्ती माणसं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. घरी लकव्याचा म्हातारा, त्याची म्हातारी आणि शाळेतलं नातवंड. नातवाला उपरणं धरायला लावू नका, त्याला वजन पेलणार नाही. अशा घरात व्यायाम कमी पण सुरक्षित ठेवायचे: खुर्चीवरून ओट्याला धरून उठ-बस, मागे पलंग, समोर ओटा. टोळी निघण्याआधी पेशंटला एकदा फिजिओकडे आणून हंगामापुरता बेत ठरवून घ्या. पेशंटलाच फडावर घेऊन जाणारेही आहेत. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, जमीन ओबडधोबड, संडास उघड्यावर. शक्यतो टाळा.

खर्चाला काही मदत मिळते का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा उपयोग मुख्यतः भरती असतानाच्या उपचारांसाठी होतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. अपंगत्व राहिलंच, तर उपचाराचे सुरुवातीचे महिने गेल्यावर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढता येतं. 40 टक्के किंवा जास्त असेल तर त्याचे फायदे सुरू होतात, एसटीतली सवलतही त्यात आली. तसं नसलं तरी 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, 65 ते 75 मधल्यांना निम्मं तिकीट आणि बायकांना सगळ्याच वयात निम्मं. 65 वर्षं पूर्ण झालेल्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी 2024 पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, कमोड खुर्चीसारख्या वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये देण्याची तरतूद आहे.

सुधारणा होतेय हे कसं कळणार? रोज बघून काही कळत नाही.

मोजा. खुर्चीपासून 3 मीटरवर खडूची रेघ मारा. उठायचं, रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ लावा. दर रविवारी लिहून ठेवा. दुसरं, 10 मीटर सरळ चालायला किती सेकंद लागतात ते बघा. 25 सेकंदांहून जास्त लागत असतील तर चालणं साधारण घरापुरतं आहे. साडेबारा सेकंदांच्या आत आले तर बाजारात, रस्त्यावर एकट्याने वावरण्याइतकी गती आली म्हणायची.

सारखे रडतात, व्यायामाला उठायला तयार नाहीत.

लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. ‘मनाचा हिय्या करा’ म्हणून ते जात नाही, गोळ्यांनी आणि बोलण्याने जातं. डॉक्टरांना सांगा. काहींना दुःख नसतानाही हुंदके येतात, तो मेंदूच्या इजेचाच भाग. अशा वेळी विषय बदलायचा.

घरातला कर्ता माणूस एकाएकी परावलंबी होतो, त्याला दिवसभर ‘अण्णा, हात वर करा, पाय वर करा’ ऐकायचा कंटाळा येतो. त्याला काम द्या. शेंगा सोलायला, दूध मोजून घ्यायला, गोठ्यापर्यंत जाऊन बघून यायला. गोठ्यापर्यंतची फेरी हा व्यायामच आहे, फक्त तो मारून मुटकून करावा लागत नाही.

वर्ष होऊन गेलं. आता काही उपयोग?

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, सहा महिन्यांनंतर वेग मंदावतो. थांबत नाही. वर्ष-दोन वर्षांनी नेटाने चालण्याचा सराव केलेल्यांची गती आणि दम वाढतो. उलट बसून राहिलेल्यांचं आलेलं चालणंही जातं.

पडले तर कसं उठवायचं?

घाईने ओढू नका. आधी कंबर, खुबा दुखतोय का आणि डोक्याला लागलंय का ते विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागलं तर वरून जखम नसली तरी दवाखान्यात न्या. सगळं ठीक असेल तर चांगल्या कुशीवर वळवा, कोपरावर, मग गुडघ्यांवर आणा, समोर खुर्ची ठेवा. चांगला पाय पुढे टेकवून खुर्चीच्या जोरावर उठतील.

व्यायाम कधी थांबवायचा, कधी सरळ दवाखाना गाठायचा?

बीपी 180/110 च्या वर असेल तर त्या वेळचा व्यायाम नको, डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, दम लागला, घेरी आली तर तिथेच बसवा. एरवीही बीपी 130/80 च्या आसपास राहायला हवा. गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. तंबाखू, गुटखा, बिडी बंद, आणि म्हातारीची मिसरीसुद्धा. ती तंबाखूच आहे, ‘दात घासायची’ म्हणून वेगळी होत नाही. ताटातलं वरचं मीठ, लोणचं, पापड कमी.

तोंड एका बाजूला वाकडं झालं, बोलणं अडखळलं, नव्याने हात किंवा पाय गळाला, एकाएकी दिसेनासं झालं किंवा अचानक जोरात झोक जायला लागला, तर तो दुसरा झटका धरून चाला. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. तोंडात काही घालू नका, पाणीही नको. लक्षणं सुरू झाली ती वेळ कागदावर लिहा आणि 108 लावा. जवळचा दवाखाना शोधू नका, जिथे सीटी स्कॅन आहे तो शोधा. तो कुठे आहे हे आजच विचारून ठेवा.